एकजीव

लातूरच्या एका डाळमिलमध्ये मिस्त्री असलेल्या माणसाची थोरली मुलगी नांदेडला काच करायला शिकत होती. शेजारच्यांनी विचारलं की आई सांगायची, ‘फिजिक्समध्ये पीएचडी करते.’ वडील सांगायचे, ‘काच वितळवते.’ वडिलांचं उत्तर ऐकून लोक बुचकळ्यात पडायचे, पण नेमकं उत्तर तेच होतं.

ही काच खिडकीची नव्हे. दवाखान्यात एक्स-रे काढतात त्या खोलीला एक जाड, जड काच लावलेली असते. तिच्यात शिसं असतं आणि ते किरण अडवतं. त्याच कुळातली, पण बोरॉनची काच ती करून पाहत होती. कृती ऐकली तर कुणालाही सोपी वाटेल. शेंदूर घ्यायचा, म्हणजे शिशाचं लाल ऑक्साइड. कॅरमच्या पटावर भुरभुरवतात ती बोरिक पावडर घ्यायची. दोन्ही काटेकोर मोजायची, अगेटच्या खलात घोटायची, अ‍ॅल्युमिनाच्या पांढऱ्या मुशीत भरायची आणि मूस साडेनऊशे अंश सेल्सिअसच्या भट्टीत तासभर ठेवायची. शिशाची वाफ विषारी, म्हणून हे सगळं धूर ओढून घेणाऱ्या कपाटात, हातमोजे आणि मास्क लावून. तयार झालेला रस तापवलेल्या पितळी पाट्यावर ओतायचा आणि तडकू नये म्हणून लगेच दुसऱ्या, मंद भट्टीत सरकवायचा. रात्रभर निवला की सकाळी फिकट पिवळ्या काचेची चकती हातात येते.

चकती यायची. पण वर्तमानपत्रावर धरून तिच्यातून पाहिलं की अक्षरांची ओळ मध्येच सरकलेली दिसायची. काचेच्या पोटात शिरा होत्या. एकाच चकतीचे दोन तुकडे करून त्यांची घनता मोजली तर दोन वेगवेगळे आकडे येत. याचा अर्थ साधा होता. तिच्या हातात एक काच नव्हती. थोडी जास्त शिशाची आणि थोडी कमी शिशाची, अशा दोन-तीन काचा एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. अशा काचेवर किरण किती अडले हे मोजायचं तर कोणत्या काचेचं मोजलं म्हणायचं?

एकसारखेपणाचा हा हट्ट फक्त प्रयोगशाळेचा नाही. आपल्या महाराष्ट्रात काचेच्या धंद्याची सुरुवातच या हट्टाशी झुंजत झाली. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडानं १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथं काच कारखाना काढला. अंताजी दामोदर काळ्यांची ती कल्पना, आणि टिळकांचा तिला पाठिंबा. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला. त्या गावाचं नावच ओगलेवाडी पडलं आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघरी लागला. कंदिलाच्या काचेला आतून ज्योतीची धग आणि बाहेरून वारा. तिच्यात कुठं वेगळ्या घडणीची शीर राहिली असेल, तर ती शीर आणि आजूबाजूची काच तापल्यावर सारख्या मापानं फुगत नाहीत. ताण साठतो आणि एखाद्या थंडीच्या रात्री काच चटकन तडकते. ज्या घरात दुसरी काच आणायला बाजाराच्या दिवसापर्यंत थांबावं लागे, त्या घरात हा दोष म्हणजे आठवडाभराचा अंधार. कारखान्यातल्या कारागिराच्या हातात कुणाच्या तरी घरचा उजेड असतो, हे ज्यांना कळलं त्यांचेच कंदील टिकले.

तर ही मुलगी. तिनं जे केलं ते आपण सगळेच करतो. तिनं आच वाढवली. साडेनऊशेचे हजार केले, हजाराचे साडेदहाशे, मग अकराशे. तासाचे दोन तास केले. तिचं गणित चुकीचं नव्हतं. काच जितकी तापेल तितकी पातळ होते, आणि पातळ झाली की मिसळेल. पहिल्या खेपेला तिला यश आल्यासारखंही वाटलं, कारण बुडबुडे गेले. पातळ रसातून हवा लवकर वर येते, ते खरंच आहे. पण शिरा गेल्या नाहीत. उलट नव्या आल्या. चकतीचं वजन हिशेबापेक्षा कमी भरायला लागलं. भट्टीच्या दाराच्या आत पिवळट थर बसायला लागला. आणि मूस धुऊन पाहिली तर रसाची पातळी जिथं होती तिथं तिची भिंत खाल्ली जाऊन कड पडली होती.

तिनं ती मूस मार्गदर्शक सरांसमोर ठेवली. सरांनी आधी मूस निरखली, मग काच.

‘शिसं आणि बोरॉन वरच्या पृष्ठभागावरून उडून गेलं,’ ते म्हणाले. ‘म्हणजे वरचा थर खालच्यापेक्षा वेगळा झाला. आणि तुझा रस मुशीची भिंत विरघळवत होता. भिंतीजवळच्या काचेत अ‍ॅल्युमिना गेलं, मधल्या काचेत गेलं नाही. या कडेच्या शिरा तुझ्या शेंदराच्या नाहीत. भांड्याच्या आहेत.’

‘मग आच कमी करू?’

‘आचेचा विचार नंतर कर. भट्टीत जाण्याआधी काय होतं ते सांग.’

तिला नीट सांगता आलं नाही. घोटते आणि भरते, एवढंच ती म्हणाली. त्याच्याआधी सांगण्यासारखं काही असेल असं तिला वाटलंच नव्हतं.

शनिवारी ती एसटीनं लातूरला गेली. लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावं मागे पडत गेली, आणि तिच्या डोक्यात शिराच फिरत होत्या. घरी आणखी एक आच पेटलेली होती. धाकटा भाऊ वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या तयारीत होता. पहिल्या वर्षी गुण कमी पडले होते आणि हे रिपीटरचं वर्ष होतं. सकाळी एक क्लास, दुपारी दुसरा, रात्री बारापर्यंत अभ्यासिका. आता आई तिसऱ्या क्लासची फी कुठून भरायची याचा विचार करत होती, कारण शेजारच्या मुलाला तो क्लास लावला होता.

लातूरबद्दल बोलताना मला जपून बोलावंसं वाटतं. लातूर पॅटर्ननं मराठवाड्यातल्या कित्येक घरांना त्या घरातला पहिला डॉक्टर, पहिला इंजिनिअर दिला. ज्या भागानं दुष्काळ पाहिला, १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिला, २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आलेलं पाहिलं, त्या भागातल्या आईबापांनी मुलांच्या शिक्षणावर सगळं लावलं. त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण ट्यूशन एरियातून रात्री फिरताना खिडक्यांतले दिवे पाहिले की एक प्रश्न मनात येतोच. मुलं कच्ची राहिली की आपण फक्त आचच का वाढवतो?

रविवारी ती वडिलांचा डबा घेऊन मिलमध्ये गेली. वडील पोत्यावर बसून जेवले आणि मग तिच्याकडे बघून म्हणाले,

‘काय झालं माय? तोंड का उतरलंय?’

‘काच एकजीव होईना अण्णा.’

‘आच कमी पडूलाली का?’

‘आच वाढवून बघितली. आणखीच बिघडलं.’

वडील थोडा वेळ गप्प राहिले. ‘भट्टीतलं मला काय कळत नाही. पण मिसळतीस कशी, ते सांग.’

मग तिनं सांगितलं. शेंदूर पिठासारखा बारीक, बोरिक पावडर जरा जाडसर. दोन्ही खलात दहा मिनिटं घोटते. मग कागदावरून मुशीत ओतते. भर नीट बसावी म्हणून मूस टेबलावर हलकी हलकी आपटते.

वडील उठले. बाजारातून नुकत्याच आलेल्या, ग्रेडरवर न चढवलेल्या तुरीचं एक घमेलं भरून घेतलं आणि हात उंच करून फरशीवर ओतलं. ढीग झाला.

‘काय दिसतंय?’

तिनं पाहिलं. थोराड दाणे गडगडत ढिगाच्या पायथ्याला जाऊन बसले होते. बारके दाणे आणि चुरी मधोमध राहिली होती.

‘घमेल्यात मिसळलेलंच होतं ना?’ वडील म्हणाले. ‘ओतलं की वेगळं झालं. आता हेच पोत्यात भरून पोतं आपट, बारका सगळा तळाला जाईल. म्हणून ग्रेडर लावल्याशिवाय आम्ही रोलवर माल चढवत नाही. एका मापाचा दाणा एका वेळी. मिसळ माल चढवला तर थोराड दाणा झिजून त्याची चुरी होती आणि बारक्याची साल तशीच राहती. मग कुणीतरी म्हणतं, रोल आणखी कसा, जोरात फिरवा. जोरात फिरवला की चुरी वाढती. साल राहतीच.’

ती त्या ढिगाकडे बघत उभी राहिली. शेंदूर बारीक होता आणि वर जड होता. बोरिक पावडर पाण्याच्या जेमतेम दीडपट जड, शेंदूर आठपटीहून जास्त. मुशीला मारलेल्या प्रत्येक टिचकीनं तिनं स्वतःच शेंदूर तळाला पाठवला होता. तिचं मिश्रण भट्टीत बिघडत नव्हतं. ते टेबलावरच बिघडलेलं असायचं.

मोठ्या कारखान्यांतही हाच घोळ असतो, फक्त टनांच्या हिशेबात. आपल्याकडची काचेची वाळू सिंधुदुर्गात कासार्डे भागातून येते. ती वाळू, सोडा आणि चुनखडी एका मापाच्या दाण्याची असावी लागते. वाळूचा दाणा साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर तो वितळायला वेळ लावतो आणि काचेत खडा म्हणून राहतो. अगदीच पीठ असेल तर उडतं आणि गुठळ्या धरतं. मिश्रण पट्ट्यावरून जाताना आणि उंचावरून कोठीत पडताना पुन्हा वेगळं होऊ नये म्हणून त्यात तीन-चार टक्के पाणी शिंपडतात, म्हणजे सोडा वाळूच्या कणांना धरून राहतो. फुटक्या काचेचा चुरा घालतात. तो लवकर वितळतो आणि बाकीच्यांना ओढून घेतो, पण तोही त्याच घडणीचा हवा, नाहीतर तोच शिरा होऊन बसतो. हे सगळं नीट झालं नाही तर भट्टीत काय होतं? सोडा साधारण साडेआठशे अंशांना वितळतो आणि वाहून निघून जातो. वाळू त्याच्याशिवाय सतराशे अंशांपर्यंत वितळत नाही, ती मागे एकटी पडते आणि रसावर साय धरते. एकमेकांच्या सोबतीनं जे कमी आचेला विरघळले असते ते दूर पडले की कितीही आचेला दाद देत नाहीत.

नांदेडला परतल्यावर तिनं आठवडाभर भट्टी पेटवली नाही. दोन्ही पावडरी वेगवेगळ्या दळून एकाच बारीक चाळणीतून काढल्या. थोडं थोडं घेऊन, अ‍ॅसिटोननं ओलं करून, तासभर घोटलं, म्हणजे जड कण हलक्यापासून सुटणार नाहीत. मूस आपटणं बंद केलं, हलक्या हातानं दाबून भरलं. बोरिक पावडर तापताना पाणी सोडते आणि फसफसते. तिला घाईनं तापवलं तर सगळी भर उसळून वरखाली होते. म्हणून आधी कमी आचेवर तिचं पाणी निघू दिलं आणि मग भट्टी साडेनऊशेवर नेली. अकराशेवर नाही.

काच आली. आधीच्यांपेक्षा कितीतरी चांगली. पण चकतीच्या तळाकडच्या तुकड्याची घनता वरच्या तुकड्यापेक्षा अजूनही जास्त येत होती.

आता सर खुर्चीत मागे टेकून बसले आणि त्यांनी तिला एक जुनी हकिकत सांगितली.

स्वित्झर्लंडमधल्या ले ब्रेने गावात पिएर लुई गिनाँ नावाचा कारागीर होता. जन्म १७४८. शाळा फारशी नाही. सुतारकाम केलं, मग घड्याळांच्या घंटा ओतून पोट भरलं. त्याला दुर्बिणीचा नाद लागला आणि दुर्बिणीला लागणारी शिशाची काच स्वतः करायची असं त्यानं ठरवलं. त्या काळी हाताच्या तळव्याएवढं निर्दोष भिंग मिळणं मोठ्या मुश्किलीचं होतं, आणि कारण तेच, जे या मुलीच्या मुशीत होतं. शिसं जड. भांड्याच्या तळाला जड काच, वर हलकी काच. लोक आच वाढवत आणि भांडी फोडत. गिनाँनं घंटांचे पैसे भट्टीत घातले, वर्षानुवर्षं घातले. शेवटी १८०५ च्या सुमाराला त्याला मार्ग सापडला. भाजलेल्या मातीचा दांडा वितळलेल्या काचेत घालून ती सतत ढवळत राहायची. घट्ट होऊ लागेपर्यंत ढवळायची. दांडा मातीचा, कारण तो त्या काचेत फारसा विरघळत नव्हता.

बव्हेरियात बेनेडिक्टबॉयर्न इथं तो गेला, तिथं भिंगं घडवणाऱ्या तरुण फ्राउनहोफरला त्याच्या हाताखाली काच करणं शिकायला मिळालं, आणि त्या रीतीच्या काचेतून १८२४ मध्ये दोर्पातच्या वेधशाळेसाठी चोवीस सेंटिमीटरचं भिंग असलेली दुर्बीण उभी राहिली. गिनाँ त्याच वर्षी गेला. त्याची रीत इतकी मोलाची होती की ती कित्येक वर्षं गुपित राहिली, आणि पुढेही भिंगांच्या काचेची कृती देश एकमेकांना देत नव्हते. आपल्या देशानं ती स्वतः शोधली. १९५० मध्ये कोलकात्यात सुरू झालेल्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत डॉ. आत्माराम यांच्या नेतृत्वाखाली ती काच इथं तयार झाली.

‘आणि तुझी काच,’ सर म्हणाले, ‘तुझ्याआधी फॅरेडेनं केलीय.’

तिला वाटलं सर तिला धीर देण्यासाठी म्हणतायत. पण ते खरं होतं. मायकेल फॅरेडेनं १८२५ पासून पाच-सहा वर्षं शिसं, बोरॉन आणि सिलिका यांची जड काच करण्यात घालवली. ही काच मातीचं भांडं खाते म्हणून त्यानं प्लॅटिनमच्या पत्र्याचं ताट वापरलं, प्लॅटिनमच्याच ढवळण्यानं ढवळलं, आणि १८२९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे या सगळ्या खटपटीवर लांबलचक व्याख्यान दिलं. ज्या दुर्बिणींसाठी ही काच करायला घेतली होती त्यांना तिचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. पण १८४५ मध्ये चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हे त्याला पहिल्यांदा दिसलं ते याच जड काचेच्या तुकड्यात. तुकडा एकसारखा होता म्हणून प्रकाशातला एवढासा फरक दिसला. शिरांनी भरलेल्या काचेत तो कुणालाही दिसला नसता.

‘आपल्याकडे प्लॅटिनम नाही,’ ती म्हणाली.

‘नाही. आपल्याकडे दुसरा उपाय आहे. तो स्वस्त आहे, पण जिवावर येतो. ही काच फोड.’

तिनं चकतीकडे पाहिलं. आजवरची सगळ्यात चांगली चकती. महिन्यावर सेमिनार आलं होतं. तीच चकती दाखवली असती तर कुणी नावं ठेवली नसती. वरचा तुकडा घ्यायचा, तळाचा बाजूला ठेवायचा, आकडे नीट आले असते. अशा वेळी काय करायचं हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं, आणि माझ्या मते संशोधन करणाऱ्याची खरी परीक्षा सेमिनारात नसते, इथंच असते.

तिनं फोडली. जड पोलादी खलात घालून कुटली, मग अगेटच्या खलात पीठ होईपर्यंत दळली. तळाची काच, वरची काच, कडेची काच, सगळी एकमेकींत गेली. पुन्हा चाळली, पुन्हा नव्या मुशीत भरली, पुन्हा वितळवली, या वेळी थोडाच वेळ, आणि मधून मधून चिमट्यानं मूस उचलून गोल फिरवत राहिली. यात एक मोठा फायदा असतो. पहिल्या खेपेला शेंदूर आणि बोरिक पावडर या दोन परक्या गोष्टी असतात. दुसऱ्या खेपेला काचेत काच मिसळायची असते. वजनातला फरक आता फार थोडा, फसफस नाही आणि आचही कमी पुरते. ओतलं, निववलं. दुसऱ्या सकाळी वर्तमानपत्रावर धरून पाहिलं, तर ओळ सरळ होती.

पुढच्या सुट्टीत ती घरी गेली तेव्हा भाऊ द्रवांच्या धड्याच्या प्रश्नसंचावर बसला होता. पर्यायांवर खुणा करण्याचा त्याचा वेग चांगला होता.

‘एक विचारू?’ ती म्हणाली. ‘शेंदूर आणि बोरिक पावडर एकत्र वितळवली तर शिसं तळाला का जातं?’

‘घनता जास्त म्हणून.’

‘घनता म्हणजे?’

‘वस्तुमान भागिले आकारमान.’

‘मग वितळल्यावर कुठं असतं शेंदराचं आकारमान वेगळं? एकच रस झाला ना?’

तो थांबला. त्यानं पेन खाली ठेवलं. पुस्तकात हा प्रश्न नव्हता. थोड्या वेळानं तो म्हणाला, ‘ताई, मला सूत्रं येतात गं. पण एक धडा दुसऱ्याला कुठं लागतो ते कळत नाही. सगळं वेगवेगळं डोक्यात पडलंय.’

आई दारात उभी होती. तिला वाटलं पोरगं खचलं. ती म्हणाली, ‘म्हणून तर तिसरा क्लास लावू म्हणूलाले. रात्रीची बॅच हाय.’

वडील बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर घडी करून ठेवला.

‘रोल जोरात फिरवायचा नाही,’ ते म्हणाले.

आईला त्याचा अर्थ कळला नाही, पण मुलीला कळला. त्या रात्री चौघं उशिरापर्यंत बोलत बसले. आईनं मनातली भीती बोलून दाखवली: क्लास कमी केले आणि पोरगं राहिलं, तर लोक म्हणतील आईबापानं पैशाकडं पाहिलं. ती भीती खोटी नव्हती आणि घरात कुणी तिला खोटी म्हटलंही नाही. शेवटी ठरलं ते असं. दुपारचा क्लास बंद, रात्रीचा लावायचा नाही, सकाळचा एकच ठेवायचा. माळ्यावरची आठवी, नववी आणि दहावीची विज्ञानाची पुस्तकं खाली काढायची. कुठलीही गोष्ट येते असं म्हणण्याआधी ती ताईला फोनवर समजावून सांगायची. सांगता आली नाही, तर ती येत नाही असं समजायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

भावाला सुरुवातीचे दोन महिने फार जड गेले. चाचण्यांमधले गुण आधी उतरले, कारण पाठांतराचा वेग गेला होता आणि समजुतीचा अजून आला नव्हता. क्लासच्या भिंतीवर लागणाऱ्या यादीत त्याचं नाव खाली गेलं. आईनं ते दिवस कसे काढले ते तिलाच ठाऊक. पण तो रोज संध्याकाळी फोन करायचा. मुलगी भट्टीपाशी बसून ऐकायची, आणि अडेल तिथं उत्तर न सांगता फक्त विचारायची, ‘हे तू आधी कुठं पाहिलंयस?’ दाबाचा धडा रक्ताभिसरणाला लागला. परासरणाचा धडा मुळांत पाणी शिरण्याला लागला. जीवशास्त्रातलं आणि भौतिकशास्त्रातलं एकमेकांत जायला लागलं.

त्या वर्षी त्याला एमबीबीएसची जागा मिळाली नाही. उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात मिळाली आणि त्यानं ती आनंदानं घेतली. लातूरला ज्या घरांत बैल आणि म्हशी आहेत, त्या घरांतली माणसं त्याला आत्तापासून डॉक्टर म्हणतात.

मुलीनं सेमिनारात तळाच्या, वरच्या आणि कडेच्या तुकड्यांचे आकडे शेजारी शेजारी लावले. तिन्हींमधला फरक मोजण्याच्या चुकीपेक्षा कमी होता. एका परीक्षकांनी विचारलं की एवढ्या साध्या काचेला एवढा वेळ का लागला. तिनं आधीच्या सगळ्या बिघडलेल्या चकत्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, तो डबा तिनं त्यांच्यासमोर ठेवला.

आता त्या प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की पहिला महिना त्याला भट्टीला हात लावू देत नाहीत. त्याला खल आणि चाळणी देतात.